मदत हवी आहे: मकोंडोची तेलविहीर खरंच बंद झाली होती का?

निळीशाई

नमस्कार मंडळी,

पुढच्या शनिवारी आमच्या विज्ञान वाचन गटात मला वीस मिनिटं बोलायचं आहे. विषय मीच अंगावर ओढवून घेतला. २०१० साली मेक्सिकोच्या आखातात फुटलेली मकोंडो नावाची तेलविहीर बुजवायचे प्रयत्न चालले होते, आणि लोकांचा त्यावर काडीचा विश्वास का नव्हता. सोपं वाटलं होतं. आता डोक्याचा पार भुगा झालाय.

मला माहीत आहे ते एवढं. २० एप्रिल २०१० च्या रात्री लुइझियानाच्या किनाऱ्यापासून साधारण ६६ किलोमीटरवर डीपवॉटर होरायझन या विहीर खणणाऱ्या तरंगत्या रिगवर स्फोट झाला. ११ कामगार गेले. दोन दिवसांनी रिग बुडाली. रिग ट्रान्सओशनची, विहीर बीपीची. समुद्राचा तळ दीड किलोमीटर खाली. मग तेल अडवायला गळतीवर घुमट उतरवला, तो फसला. 'टॉप किल' केलं (वरून जड द्रव ढकलून विहीर दाबायची), तेही फसलं. शेवटी १५ जुलैला झाकण बसून तेल थांबलं, म्हणजे ८७ दिवसांनी. आणि विहीर 'मेली' असं जाहीर केलं थेट १९ सप्टेंबरला.

अडचण अशी की माझी एक मैत्रीण त्या गटात आहे आणि तिचं ठाम मत आहे की विहीर कधी बंद झालीच नाही. तिचा मुद्दा उडवून लावता येत नाही. गळतीचा आकडा आधी दिवसाला १,००० बॅरल होता, मग ५,००० झाला, ऑगस्टपर्यंत तो ६२,००० वर गेला. ती विचारते, ज्यांनी आकडा बारापट कमी सांगितला तेच 'बंद झाली' म्हणतात, तर कशावरून मानायचं? वर २०१२ मध्ये त्याच जागी पुन्हा तेलाचा तवंग दिसला होता, हे तिनेच मला दाखवलं.

आकड्याचा घोळ ही चूक होती की लपवाछपवी? टॉप किल का फसलं? आणि झाकण बसल्यावरही सरकारी माणसं 'अजून खात्री नाही' असं का म्हणत होती? जाणकारांनी प्रकाश टाकावा. मला 'लोक अडाणी होते' असं भाषण करायचं नाहीये.

शंकासूर

पॉपकॉर्न घेऊन बसलो आहे.

तुमच्या मैत्रिणीला माझा नमस्कार सांगा. कंपनीच पेशंट, कंपनीच डॉक्टर आणि रिपोर्ट काढणारी लॅबही कंपनीचीच. अशा वेळी शंका घेणं हे अडाणीपणाचं लक्षण कधीपासून झालं? तेव्हा लाखाहून जास्त लोकांनी विहीर कशी बुजवायची याच्या सूचना पाठवल्या होत्या. त्यात अणुबॉम्ब टाका म्हणणारेही होते. हसू नका, सोव्हिएत संघाने १९६६ मध्ये उझबेकिस्तानात पेटलेली गॅसविहीर अणुस्फोटानेच बंद केली होती.

चिखलमास्तर

मी काही वर्षं खोल समुद्रातल्या रिगवर मड इंजिनिअर होतो (त्या रिगवर नाही, त्या कंपनीतही नाही). म्हणून टॉप किलबद्दल बोलतो, कारण तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तरही तिथेच दडलंय.

ड्रिलिंग मड म्हणजे शेतातला चिखल नव्हे. बॅराइट वगैरे घालून मुद्दाम जड केलेला द्रव असतो तो. विहिरीत त्याचा उंच स्तंभ उभा राहिला की त्याचं वजन खालच्या तेला-वायूच्या दाबाला पुरून उरतं. विहीर 'मारणे' म्हणजे एवढंच, वजनाने दाबून टाकणे. आता प्रश्न असा की तेल जोरात वर येत असताना वरून मड आत ढकलायचा. तो खाली जायच्या आधी प्रवाह त्याला उचलून बाहेर फेकतो. म्हणजे सगळा खेळ एका आकड्यावर: खालून किती येतंय? थोडं येत असेल तर तुम्ही जिंकता. खूप येत असेल तर तुम्ही समुद्रात मड ओतत बसता.

२६ ते २८ मे दरम्यान तीनदा प्रयत्न झाला. मिनिटाला ८० बॅरलपर्यंत मड ढकलला. सोबत 'जंक शॉट', म्हणजे गोल्फचे चेंडू, टायरचे तुकडे, दोरखंडाच्या गाठी. बाहेरच्यांना हा पोरखेळ वाटला, आणि टीव्हीवर त्याची यथेच्छ टवाळी झाली. पण ती युक्ती खरी आहे. फटीत कचरा अडकवून प्रवाह कमी करायचा आणि मग मडला संधी द्यायची. १९७९ मध्ये मेक्सिकोच्याच आखातात इक्स्टॉक विहीर फुटली तेव्हा पोलादाचे आणि शिशाचे गोळे सोडले होते. वर 'सोम्ब्रेरो' नावाचं टोपीसारखं धूडही ठेवलं होतं. पाणी जेमतेम ५० मीटर खोल, तरी ती विहीर बंद व्हायला मार्च १९८० उजाडला. ज्यांना हे आठवत होतं त्यांनी 'याही वेळी जमणार नाही' म्हटलं तर त्यांचं काय चुकलं?

मुद्द्यावर येतो. टॉप किल सुरू झालं तेव्हा बाहेर सांगितला जाणारा आकडा होता ५,०००. कंपनीचे प्रमुख यशाची शक्यता ६० ते ७० टक्के सांगत होते. आणि पुढे खटल्यात बाहेर आलं ते असं: प्रवाह १५,००० च्या वर असेल तर टॉप किल चालणं अवघड, असं कंपनीच्या आतल्या कागदांत होतं. पहिल्याच दिवशी एका इंजिनिअरने वरिष्ठाला मेसेज केला होता की प्रवाह १५,००० हून जास्त आहे. नोव्हेंबर २०१२ मध्ये बीपीने गुन्हे कबूल केले. ११ मृत्यूंबाबतचे आरोप होतेच, शिवाय गळतीच्या आकड्याबाबत अमेरिकी काँग्रेसची दिशाभूल केल्याचाही.

तेव्हा निळीशाई, 'चूक की लपवाछपवी' याचं उत्तर: सुरुवातीला दोन्ही, नंतर दुसरं. आणि ५,००० वर शंका घेणारा माणूस नकळत टॉप किल फसणार असंच सांगत होता. आकडा ही मागाहून लिहायची नोंद नव्हती, उपाय चालणार की नाही हे त्यावरच ठरत होतं.

तळटीप

मास्तर, हेतू राहिला. अमेरिकेच्या स्वच्छ पाणी कायद्यात दंड बॅरलवर लागतो. तेव्हाचे दर: साधी चूक असेल तर १,१०० डॉलर, घोर हलगर्जी असेल तर ४,३०० डॉलरपर्यंत. दिवसाला ५,००० आणि दिवसाला ६०,००० यातला फरक ८७ दिवसांनी गुणून बघा. म्हणूनच एकूण आकड्यावर अगदी शेवटपर्यंत भांडण झालं. सरकारी तज्ज्ञांचा आकडा ४९ लाख बॅरल, न्यायाधीशांनी जानेवारी २०१५ मध्ये धरला तो समुद्रात गेलेला ३१.९ लाख. भाषणात दोन्ही सांगा, नाहीतर कुणीतरी मध्येच हात वर करेल.

निळीशाई

बाप रे. मास्तर, हे माझ्या टिपणात कुठेच नव्हतं. मी टॉप किल आणि आकडा असे दोन वेगळे मुद्दे केले होते.

एक बाळबोध शंका. ५,००० चुकीचा आहे हे बाहेरच्यांना कळलं कसं? मीटर तर कुणाकडेच नव्हता.

चिखलमास्तर

व्हिडिओवरून. कंपनीने १२ मेला जेमतेम अर्ध्या मिनिटाची चित्रफीत दिली. पर्ड्यू विद्यापीठाचे स्टीव्ह वेअरली यांनी त्यातले फेसाचे गुंते एका फ्रेममधून दुसऱ्या फ्रेममध्ये किती सरकतात ते मोजलं. पाइपचा व्यास माहीत, वेग काढला, झालं गणित. उत्तर आलं दिवसाला सुमारे ७०,०००, वीस टक्के इकडेतिकडे. कंपनी म्हणाली व्हिडिओवरून असं मोजता येत नाही. नंतर सरकारने नेमलेल्या गटात हेच वेअरली होते. समुद्रतळाचं थेट प्रक्षेपणही एड मार्की या खासदारांनी पिच्छा पुरवला तेव्हा मिळालं.

दगडफोड्या

भूगर्भवाला आहे, उशिरा आलो. मास्तरांनी टॉप किलवर लिहिलंय त्यावर बोलत नाही. घुमटाचं एका ओळीत: खोल, थंड पाण्यात मिथेन आणि पाणी मिळून बर्फासारखा हायड्रेट होतो, त्याने घुमटाचं तोंड बुजलं आणि तो हलका असल्याने घुमट वर तरंगू लागला. संपलं.

मला बोलायचंय ते १५ जुलैनंतरच्या दिवसांबद्दल. मैत्रिणीचा खरा प्रश्न तिथे आहे आणि तिथे कंपनीवर विश्वास ठेवायची गरजच पडत नाही.

झाकण लावून वरचं तोंड बंद केलं की आतला दाब वाढतो. विहिरीचं केसिंग, म्हणजे आतलं पोलादी अस्तर, कुठे फुटलेलं असेल तर तेल आडवं खडकात शिरेल आणि भलत्याच ठिकाणी समुद्रतळातून वर येईल. तसं झालं तर ते बंद करायला तोंडच उरणार नाही. टॉप किल फसल्यावर 'मड बहुधा केसिंगमधून बाजूला गेला' असं कंपनीनेच सांगितलं होतं, त्यामुळे ही भीती सरकारी शास्त्रज्ञांच्या मानेवर बसली होती. 'खात्री नाही' म्हणायचं कारण ते.

म्हणून आधीच सीमा ठरवल्या. बंद केल्यावर दाब ६,००० पीएसआयच्या (हे दाबाचं एकक) खाली राहिला तर विहीर फुटलेली समजायची आणि झाकण लगेच उघडायचं. ७,५०० च्या वर गेला तर विहीर धड. मधे आला तर काहीच सांगता येत नाही. आणि आला किती? सुमारे ६,६००. नेमका मधोमध! त्या रात्री बऱ्याच जणांचा कल झाकण उघडावं असा होता.

मग अमेरिकी भूगर्भ सर्वेक्षणाचे पॉल शिए नावाचे जलभूवैज्ञानिक कामाला लागले. ते हजारो किलोमीटरवर, कॅलिफोर्नियात. दाबाच्या आलेखाचा मोबाइलवर काढलेला फोटो त्यांच्याकडे पोचला आणि रातोरात त्यांनी गणिती प्रतिरूप बसवलं. त्यांचं म्हणणं: दाब कमी आहे तो गळतीमुळे नव्हे. जवळजवळ तीन महिने तेल वाहून गेल्यामुळे खालचा साठाच थोडा रिता झालाय. तसं असेल तर दाब हळूहळू ठरावीक वळणाने वाढत राहील, आणि गळती असेल तर तो अडेल किंवा घसरेल. पुढचे दिवस दाब त्या वळणाने वाढत गेला, ६,९०० च्या आसपास. सोबत जहाजं आणि पाणबुडे रोबो तळावर बुडबुडे शोधत फिरतच होते.

इथे आकडा पुन्हा येतो बघा. साठा रिता झालाय हे पटायला गळती प्रचंड होती हे आधी मान्य करावं लागतं. ५,००० चा आकडा धरून ६,६०० चा दाब समजावून सांगता येत नाही. म्हणजे जी संशयी माणसं मोठ्या आकड्यासाठी भांडत होती, त्यांच्याच आकड्यामुळे विहीर धड असल्याचं सिद्ध झालं.

त्यानंतर ऑगस्टच्या सुरुवातीला वरून सावकाश मड भरला. आता प्रवाह थांबलेला, म्हणून जमलं. मग सिमेंट. सप्टेंबरात रिलीफ वेल, म्हणजे बाजूने खणलेली दुसरी विहीर, खालून येऊन भिडली. पाण्याच्या पृष्ठभागापासून पाच किलोमीटरहून खाली, एक फुटाहून कमी व्यासाचा पाइप बाजूने गाठायचा असतो. ऑस्ट्रेलियाच्या माँटारा विहिरीला २००९ मध्ये हे पाचव्या प्रयत्नात जमलं होतं. इथे पहिल्याच विहिरीने गाठलं.

२०१२ चा तवंग: तेल मकोंडोचंच होतं, मैत्रीण बरोबर आहे. पण त्यात ओलेफिन नावाची रसायनं सापडली. ती कच्च्या तेलात नसतात, ड्रिलिंग मडमध्ये असतात. म्हणजे ते ताजं, साठ्यातून आलेलं तेल नव्हे, बुडालेल्या रिगच्या सांगाड्यात अडकून राहिलेलं. तळावर टाकून दिलेल्या जुन्या घुमटातूनही थोडं झिरपत होतं, ते ऑक्टोबरात बंद केलं. रोबोंनी मुख्य विहीर आणि रिलीफ वेल दोन्ही तपासल्या, कोरड्या होत्या.

शंकासूर

दगडफोड्या, मानलं. पॉपकॉर्न ठेवून देतो.

पण मग टेलर एनर्जीचं काय? त्याच आखातात २००४ च्या इव्हान वादळात प्लॅटफॉर्म उलथला. कंपनी वर्षानुवर्षं म्हणत राहिली की दिवसाला दोन-तीन गॅलन झिरपतंय. तेल गोळा करायची यंत्रणा बसली २०१९ मध्ये, आणि सरकारी अभ्यासात निघालं दिवसाला ९ ते १०८ बॅरल. तिथे शंका घेणाऱ्यांनाही 'साठ्यातून नाही, चिखलात अडकलेलं जुनं तेल आहे' असंच सांगत होते. तुमच्या ओलेफिनवाल्या उत्तरासारखं ऐकू येतं ना?

दगडफोड्या

ऐकू येतं, आणि म्हणूनच नुसत्या सांगण्यावर जाऊ नये. टेलरकडे दाबाचा आलेख नव्हता, स्वतंत्र नमुने फार उशिरा घेतले गेले. मकोंडोच्या तवंगाचे नमुने वूड्स होल सागरविज्ञान संस्था आणि सांता बार्बरा इथलं विद्यापीठ यांच्या संशोधकांनी तपासून प्रसिद्ध केले. फरक तेवढाच आहे, पण माझ्यासाठी पुरेसा आहे. टेलरबाबत तुमची शंका मला तेव्हाही योग्य वाटली असती.

निळीशाई

सगळ्यांचे मनापासून आभार. मैत्रिणीला आज दगडफोड्यांचा प्रतिसाद वाचून दाखवला. ६,६०० मधोमध आला हे ऐकून ती पहिल्यांदाच गप्प बसली, मग म्हणाली, "हे त्यांनी तेव्हाच नीट का नाही सांगितलं?" याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. टेलरची गोष्ट तिला सांगितलेली नाही, ती शनिवारी समोरच्या रांगेत बसणार आहे.

भाषणाची सुरुवात आता घुमटापासून न करता दाबाच्या आलेखापासून करते. शेवटचं एक, लिटरमध्ये सांगायचं तर बॅरलला २०० ने गुणू ना?

चिखलमास्तर

नको! २०० लिटरचं ते पत्र्याचं पिंप. तेलाचा बॅरल १५९ लिटरचा. आकड्यांच्या घोळावर बोलायला उभ्या राहताय आणि पहिल्याच स्लाइडवर गळती पंचवीस टक्क्यांनी वाढवून ठेवाल.