मदत हवी आहे: प्लेटलेटवरची प्रथिने प्लाझ्मातील प्रथिनांना एरवी का चिकटत नाहीत?

नमस्कार. मी सोलापुरात सात रस्त्याजवळच्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये तंत्रज्ञ आहे. वारंवार घोळणा फुटणाऱ्या एका लहान मुलीचा प्लेटलेट ॲग्रिगेशनचा, म्हणजे रक्त थांबवणाऱ्या प्लेटलेट उत्तेजक रसायन घातल्यावर एकमेकींना किती चिकटतात हे पाहणाऱ्या चाचणीचा, अहवाल नुकताच पाहण्यात आला. (रक्त काढल्यापासून साधारण ४ तासांत ही चाचणी उरकावी लागते, त्यामुळे नमुना न पाठवता मुलीलाच पुण्याला न्यावे लागले.) प्लेटलेटची संख्या आणि आकार दोन्ही व्यवस्थित आहेत, रिस्टोसेटिन हे रसायन घातल्यावर त्या गोळा होतात, परंतु एडीपी, कोलॅजन आणि ॲराकिडोनिक ॲसिड या तिन्हींचे आलेख जवळजवळ सपाट आहेत, म्हणजे प्लेटलेट गोळा होत नाहीत. आईवडील नात्यातले आहेत, जे आपल्या भागात नवे नाही. डॉक्टरांनी ग्लान्झमान थ्रॉम्बास्थेनिया या आनुवंशिक रक्तस्रावाच्या आजाराची शक्यता लिहिली आहे. निदान हे त्यांचे काम. मला त्यामागची यंत्रणा समजून घ्यायची आहे.

रिस्टोसेटिनमुळे प्लाझ्मातील, म्हणजे रक्ताच्या द्रव भागातील, व्हॉन विलेब्रँड फॅक्टर पेशीपटलावरील जीपी वन-बी या प्रथिनाला जोडला जातो, आणि बाकीच्या तिन्ही रसायनांचा मार्ग शेवटी जीपी टू-बी थ्री-ए हे पटलावरील दुसरे प्रथिन व फायब्रिनोजेन हे प्लाझ्मातील प्रथिन यांच्या जोडणीपाशी येतो, इथपर्यंत मला उमगले आहे. प्रश्न पुढचा आहे. फायब्रिनोजेन प्रत्येक लिटर प्लाझ्मात २ ते ४ ग्रॅम असते, प्रत्येक प्लेटलेटवर टू-बी थ्री-ए हजारोंच्या संख्येने असतात, आणि व्हॉन विलेब्रँड फॅक्टरही सतत रक्तातून फिरत असतो. मग निरोगी माणसाच्या रक्तात या जोड्या आपोआप का जुळत नाहीत? दोन्ही ठिकाणी अडसर एकच आहे का?

प्रतिसाद

अडसर एक नाही, आणि तो दोन विरुद्ध बाजूंना आहे. टू-बी थ्री-ए शांत प्लेटलेटवर वाकलेल्या, मिटलेल्या स्थितीत असते. एडीपी किंवा थ्रॉम्बिनचा संदेश पेशीत पोहोचला की टॅलिन हे आतले प्रथिन त्याच्या शेपटीला जोडले जाते, बाहेरचा भाग ताठ होऊन उघडतो आणि मगच विरघळलेल्या फायब्रिनोजेनला तेथे जागा मिळते. एक फायब्रिनोजेन रेणू दोन टोकांनी दोन प्लेटलेट धरतो, म्हणून गोळा तयार होतो. आपल्या रुग्णात बहुधा हीच कडी तुटली आहे.

जीपी वन-बीला असे उघडावे लागत नाही. तेथे मिटलेला असतो तो प्लाझ्मातील जोडीदार. व्हॉन विलेब्रँड फॅक्टरचा ए-वन हा भाग एरवी झाकलेला असतो. रक्तवाहिनी फाटून कोलॅजन उघडे पडले की हा फॅक्टर त्याला चिकटतो, वेगवान प्रवाहाच्या ओढीने उलगडतो आणि ए-वन मोकळा होतो. चाचणीच्या नळीमध्ये ही ओढ नसते, तिची उणीव रिस्टोसेटिन भरून काढते. म्हणूनच रिस्टोसेटिनला प्रतिसाद आला नसता तर निरोगी माणसाचा प्लाझ्मा मिसळून पाहता आले असते: दोष प्लाझ्मात, म्हणजे व्हॉन विलेब्रँड आजारात, असेल तर प्रतिसाद सुधारतो, प्लेटलेटच्या पटलात, म्हणजे बर्नार्ड-सूलिए आजारात, असेल तर सुधारत नाही.

फ्लो सायटोमेट्री, म्हणजे चमकणारी प्रतिपिंडे जोडून पेशींवरील प्रथिने मोजण्याची चाचणी, होणार असेल तर एक गोष्ट डॉक्टरांच्या कानावर जरूर घाला. सीडी ४१ आणि सीडी ६१ (टू-बी आणि थ्री-ए यांचीच दुसरी नावे) यांवरून टू-बी थ्री-ए पटलावर किती आहे एवढेच कळते. काही रुग्णांत ते पुरेसे असूनही उघडत नाही. ते पाहण्यासाठी प्लेटलेट उत्तेजित करून, केवळ उघडलेल्या रूपालाच चिकटणारे पॅक-वन हे प्रतिपिंड वापरावे लागते.