बीएसए एम20: डायनॅमो चार्ज करत नाही, दोष कुठे?

एम20_कोल्हापूर
मंडळी, माझी 1943 ची बीएसए एम20 मोटरसायकल, लुकासचा मॅगडायनो (मॅग्नेटो आणि डायनॅमो एकत्र), 6 व्होल्ट. बॅटरी नवीन. रेस दिली तरी अ‍ॅमीटरचा काटा शून्यावरच, हेडलाइट लावला की डिस्चार्जकडे जातो. इंजिन मात्र व्यवस्थित चालतं. डायनॅमो उघडून कार्बन (ब्रश) बदलले, वायरिंग पुन्हा जोडलं, त्यानंतरचा हा प्रकार. आर्मेचर (डायनॅमोचा आत फिरणारा भाग) रिवाइंडिंगला द्यावं का?

सिंगल_सिलिंडर
आर्मेचरला एवढ्यात हात लावू नका. इंजिन चालतं यावरून काही कळत नाही, कारण स्पार्क मॅग्नेटोचा आहे, डायनॅमोचा किंवा बॅटरीचा नाही.

आधी रेग्युलेटर (डायनॅमोचं व्होल्टेज आवरणारा डबा) बाजूला ठेवून डायनॅमो एकटा तपासा. डायनॅमोच्या डी (वीज बाहेर येते ते टर्मिनल) आणि एफ (फील्ड, म्हणजे चुंबकत्व तयार करणाऱ्या कॉइलचं टर्मिनल) वरच्या तारा काढा, ती दोन टर्मिनल तारेच्या तुकड्याने एकत्र जोडा. मीटरचं एक टोक त्या जोडावर, दुसरं बॉडीच्या उघड्या धातूवर. आयडलवरून रेस हळूहळू वाढवा. व्होल्टेज न अडखळता भराभर चढलं पाहिजे. 10 च्या आत थांबा. रेग्युलेटर नसताना फील्डला लगाम नसतो, कॉइल जळते.

काहीच आलं नाही तर कार्बन होल्डरमध्ये अडकलाय का बघा. अर्ध्या व्होल्टवर थांबलं तर फील्ड बघा. दीड-दोनवर थांबलं तरच आर्मेचरवर संशय घ्या.

एम20_कोल्हापूर
0.4 व्होल्ट, कितीही रेस द्या. पण एफ ते बॉडी रेझिस्टन्स 3 ओहम दाखवतो, म्हणजे फील्ड कॉइल तुटलेली नाही ना?

जुना_लोखंड
कॉइल शाबूत आहे, तिची टोकं उलटी जोडली गेलीत असं दिसतंय. 0.4 व्होल्ट येतो तो पोल शूमध्ये (फील्ड कॉइलच्या आतल्या लोखंडात) उरलेल्या चुंबकत्वाचा. फील्ड सुलट असेल तर तेवढ्याशा करंटने चुंबकत्व वाढत जातं. उलटं असेल तर तोच करंट ते मारतो आणि व्होल्टेज तिथेच खुंटतं.

खात्री करायला कव्हर काढून किक हळू दाबा आणि कम्युटेटर (आर्मेचरचा कार्बन टेकतात तो तांब्याचा भाग) कुठल्या दिशेने फिरतो ते खडूने टिपा. मग डायनॅमो धरणारा पट्टा सोडवून तो बाहेर काढा, डी-एफ जोडलेले ठेवून बॅटरी द्या: एक तार जोडावर, एक बॉडीवर. मोटरसारखा सावकाश, त्याच दिशेने फिरला पाहिजे. उलट फिरला तर एफवरचं टोक आणि अर्थचं टोक यांची अदलाबदल करा. बॅटरीच्या तारा उलटवून दिशा बदलत नाही, त्यात वेळ घालवू नका.

परत बसवताना गिअरमध्ये बोटाला जाणवेल इतका प्ले (मोकळीक) ठेवा. घट्ट बसवलात तर फायबर गिअरचे दात जातील.

सिंगल_सिलिंडर
बरोबर, हे माझ्या ध्यानात आलं नव्हतं. एक भर: रेग्युलेटर जोडण्याआधी पोलॅरिटी (पोल शूमधल्या चुंबकत्वाची दिशा) बसवा. युद्धकाळातल्या या गाड्या निगेटिव्ह अर्थ, म्हणजे बॅटरीचं निगेटिव्ह टोक चॅसीला. पुढे पॉझिटिव्ह अर्थची पद्धत आली आणि बऱ्याच गाड्या मधेच बदलल्या गेल्या. तुमच्या बॅटरीचं कुठलं टोक चॅसीला आहे ते बघा. एफची तार काढलेली असताना बॅटरीच्या दुसऱ्या टोकाची तार एफला सेकंदभर टेकवा, बारीक ठिणगी पडेल, बस्स. मगच रेग्युलेटरच्या एफ, ए (अ‍ॅमीटर-बॅटरीकडे), डी, ई (अर्थ) वर तारा चढवा.