शब्दचर्चा: हवाई 'खालसा' झालं की 'विलीन' झालं?

रानवारा
एका लेखाचं भाषांतर करतेय, एका शब्दाशी अडलंय. १८९८ साली अमेरिकेने हवाई बेटं अॅनेक्स केली, तिथे मी 'हवाई खालसा केलं' असं लिहिलं होतं. संपादकांनी ते खोडून 'हवाईचं अमेरिकेत विलीनीकरण झालं' असं केलं, म्हणे खालसा हा डलहौसीच्या जमान्यातला शब्द, आता कोणाला कळतो. मला हे अजिबात पटलेलं नाही. १८९३ मध्ये उसाचे मळेवाले आणि त्यांच्या साथीदारांनी राणी लिलिउओकलानीला गादीवरून उतरवलं तेव्हा 'बोस्टन' या अमेरिकन युद्धनौकेवरचे सैनिक बंदुका घेऊन होनोलुलूत उतरले होते. १८९७ मध्ये २१ हजारांवर हवाईकरांनी विरोधाच्या अर्जावर सह्या केल्या. अमेरिकेच्या सेनेटमध्ये बेटं घेण्याच्या तहाला दोन तृतीयांश मतं मिळेनात, तर पुढच्या वर्षी तह बाजूला ठेवून साध्या बहुमताच्या ठरावावर बेटं घेऊन टाकली. याला विलीनीकरण म्हणायचं?

तात्या सोलापूरकर
खालसाच. आमची आजी 'त्यांची जमीन खालसा झाली' असं सहज बोलायची, म्हणजे सरकारजमा झाली. शब्द 'खाली' वरून आलाय, मालकाला खाली करायला लावलं ती खालसा. कळत नाही कसं?

मुळाक्षर
तात्या, 'खाली'शी काही संबंध नाही हो. मूळ अरबी 'खालिस', म्हणजे शुद्ध, निर्भेळ. मध्ये कुणी जहागीरदार नाही, थेट सरकारची, ती जमीन खालसा. शिखांचा खालसा त्याच मुळातला. आणि म्हणूनच तो इथे नको. सातारा, नागपूर, झाशी कंपनीची मांडलिक झालेलीच होती, पण हवाईला तर ब्रिटन आणि फ्रान्सने १८४३ मध्ये स्वतंत्र राज्य म्हणून मान्यता दिली होती. सरळ मराठी 'सामिलीकरण' असताना हे फारसी-अरबी कशाला?

ओंजळ
सामील तरी कुठे मराठी, तो अरबीतलाच 'शामिल'. असं गाळत बसलात तर वकील, अर्ज, तह, फौज सगळंच जाईल आणि हा लेख लिहिताच येणार नाही. रूढ झाला तो मराठी.

मांडवीकाठ
विलीनीकरण हा शब्द आम्हा गोंयकारांना विचारा. १६ जानेवारी १९६७ चा जनमत कौल, महाराष्ट्रात विलीन व्हायचं तर फूल, संघप्रदेश राहायचं तर दोन पानं. बाबा फूलवाले, काका दोन पानंवाले, घरात कित्येक दिवस अबोला. फूल हरलं, गोवा वेगळा राहिला. लोकांना विचारलं, लोक नाही म्हणाले, विषय संपला. विलीनीकरणात हे विचारणं येतं. हवाईत नाही म्हणणाऱ्यांच्या सह्या समोर असून बेटं घेतली, तिथे हा शब्द वापरणं म्हणजे चक्क खोटं लिहिणं आहे.

मुळाक्षर
संस्थानं विलीन झाली तेव्हा कोल्हापूरच्या प्रजेचं मतदान कुठे घेतलं होतं? सह्या राजांनी केल्या.

मांडवीकाठ
राजाने तरी केली ना सही. लिलिउओकलानीने वॉशिंग्टनला जाऊन निषेध नोंदवला होता.

ओंजळ
मग क्युबाला काय म्हणाल? ते खालसा नाही, विलीन नाही. अमेरिकेने क्युबावर लादलेल्या १९०१ च्या प्लॅट दुरुस्तीत अट काय, तर क्युबाने परक्या सत्तेशी मन मानेल तसे तह करायचे नाहीत, कर्जावर मर्यादा, अमेरिकेला हस्तक्षेपाचा हक्क आणि आरमारासाठी जागा. मला वाचताना सारखा १८०२ चा वसईचा तह आठवत होता. तैनाती फौजच ही.

तात्या सोलापूरकर
तैनाती फौजेचा खर्च पेशव्यांच्या माथी होता, त्यासाठी मुलूख तोडून द्यावा लागला. क्युबातल्या ग्वांतानामोच्या आरमारी तळाचं उलट अमेरिकाच भाडं देत होती, वर्षाला २,००० सोन्याचे डॉलर. फार तर 'अंकित राज्य' म्हणा.

ओंजळ
भाडं दिलं म्हणून काय झालं? १९०६ ला अमेरिकन फौज क्युबात परत आली ती १९०९ पर्यंत हलली नाही. हे तैनातीपेक्षा वेगळं कसं?

रानवारा
सगळ्यांचं वाचतेय पण मला उद्या मजकूर द्यायचाय. 'बळकावलं' चालेल का?

मुळाक्षर
बळकावणं हा आरोप झाला, संज्ञा नाही. भाषांतरात लेखकाचा सूर बदलायचा नसतो.

मांडवीकाठ
मग 'विलीन' हा काय तटस्थ सूर आहे? फिलिपिन्सचं बघा. स्पेनविरुद्ध लढणाऱ्या तिथल्या नेत्याने, आगिनाल्दोने, १२ जून १८९८ ला स्वातंत्र्य जाहीर केलं, डिसेंबरात स्पेनने पॅरिसच्या तहात अख्खा देश अमेरिकेला देऊन टाकला आणि बदल्यात २ कोटी डॉलर घेतले. फेब्रुवारीत फिलिपिनो आणि अमेरिकन फौजांत लढाई पेटली तर अमेरिकेच्या दप्तरात तिचं नाव 'बंड'. स्वतःच्याच देशात बंड कोणाविरुद्ध करायचं? आपल्याकडे १८५७ ला शिपायांचं बंड म्हणायचे तसंच हे.

तात्या सोलापूरकर
बंड शब्दाला एवढं खाली लेखू नका. आमच्याकडे उमाजी नाईकांचं बंड अभिमानानेच म्हणतात.

मुळाक्षर
ते आपण म्हणतो तेव्हा. कंपनी सरकार म्हणायचं तेव्हा त्याचा अर्थ गुन्हाच होता. आणि तात्या, 'बंड' कशावरून आलाय ते आधी कोशात बघा, मग बोलू.