गाण्याचा व्हिडिओ काढायला गेलो आणि... (कॉलेजातल्या फजित्या येऊ द्या)

कृष्णाकाठची
भाची परवापासून मागं लागलीय, "आत्या, हरिपूरच्या संगमावर शूटिंगला चल ना." कॉलेजचा प्रोजेक्ट, चार मिनिटांचं ओव्यांचं गाणं. मला एकदम सेकंड इयर आठवलं. आम्हीही तिथंच गेलो होतो. मैत्रिणीच्या आजीच्या जात्यावरच्या ओव्या, त्यांना वर्गातल्या एकानं चाल लावलेली. गाणं 'जवळजवळ तयार' होतं. हे जवळजवळ लक्षात ठेवा.

कच्च्या ट्रॅकवर दोन दिवस शूट केलं. मैत्रीण घाटावर बसून काय झकास ओठ हलवायची! आठवड्यानं पक्कं रेकॉर्डिंग झालं, तेव्हा चालवाल्या महाशयांना वाटलं, लय जरा संथ हवी, आजी काही घाईघाईनं दळत नव्हती. खरंय. पण आता पहिल्या ओळीला ओठ जुळायचे, दुसरीत ती अर्धा शब्द पुढं, आणि तिसरीत तोंड मिटून बसलीय नि गाणं मागून चालूच. ओठ दिसतील तेवढे शॉट काढून टाकले. उरले हात, पाय, पाणी आणि एक म्हैस. म्हैस सहा वेळा आली. सर म्हणाले, म्हशीचं प्रतीक नीट उलगडत नाही.

मूळ फुटेज 2019 च्या पुरात गेलं. सांगलीच्या आयर्विन पुलापाशी पाणी 57 फुटांच्या वर होतं, आमच्या खालच्या खोलीतल्या हार्ड डिस्कचं काय घेऊन बसलात. आता आहे ती कुणीतरी व्हॉट्सअ‍ॅपवर ढकललेली कॉपी. त्यात मैत्रीण कुठली नि म्हैस कुठली, तेही कळत नाही.

भाचीला वाचून दाखवणार आहे, लिहा.

पोवईनाका
म्हशीचा फोटो टाका आधी.

चारभिंतीवाला
आमचं उलट. गाणं पक्कं होतं, डोकं कच्चं. स्लो मोशन पाहिजे होतं पण ओठही जुळायला पाहिजेत. एका सीनियरनं युक्ती सांगितली: गाणं दुप्पट वेगानं वाजवायचं, त्यावर गायचं, सेकंदाला 50 फ्रेमनं शूट करायचं आणि नंतर 25 वर चालवायचं. ओठ बरोब्बर जुळतात, केस मात्र झोकात उडतात. युक्ती शंभर टक्के खरी. पण ती आम्ही केली रविवारी संध्याकाळी, चार भिंतीच्या टेकडीवर, अख्खा सातारा फिरायला आलेला असताना. स्पीकरमधून उंदरासारखा आवाज, आणि आमचा हिरो विरहाचं गाणं शेंगा विकल्यासारखं भराभरा म्हणतोय. एक आजोबा थांबले नि म्हणाले, "बाळ, दमानं. कुणी मागं लागलंय का?"

मिरजेची_मी
😂😂 आजोबा!!

आमच्याकडं तानपुरा होता. सतारमेकर गल्लीतून ओळखीनं दोन तासांसाठी आणलेला. नटीला वाजवता येत नव्हतं, ती गिटारसारखी झणाझण सगळ्या तारा एकदम छेडायची. आम्हाला कुणालाच खटकलं नाही! कॉलेजात व्हिडिओ दाखवला तर गाण्याच्या बाई ताडकन उठल्या, "एकेक तार, सावकाश! आणि मिरजेच्या मुली तुम्ही!" शिवाय तानपुरा उन्हात ठेवला म्हणून देणाऱ्या काकांनी ऐकवलं ते वेगळंच. 2024 ला इथल्या सतार-तानपुऱ्याला जीआय मानांकन मिळालं तेव्हा पहिल्यांदा त्या बाईच आठवल्या.

वाईकर_पुण्यात
मेणवलीच्या घाटावर शूटिंग करणाऱ्यांना सूचना: तिथल्या पोरांना तुमच्यापेक्षा जास्त कळतं. इतकी शूटिंगं बघितलीत त्यांनी. मी कॅमेरा लावतोय तोवर एक पोरगं म्हणालं, दादा, हितं नको, दहा वाजता ऊन तोंडावर येतंय, समद्यांचं तसंच होतं. ऐकलं नाही. सगळ्या फुटेजमध्ये हिरॉइनचे डोळे बारीक.

नुसतीवाचते
चालू आहे का हो आत्ता संगमावर जाणं? पाणी किती आहे?

कृष्णाकाठची
@नुसतीवाचते आहे की, पाणी खाली आहे. आयर्विनपाशी 40 फूट झालं की इशारा, तेव्हा भाचीच काय, म्हैसही जात नाही.

ट्यूबलाइट
नाव त्यावरूनच पडलंय. होस्टेलच्या हॉलमध्ये रात्रभर शूट केलं, सकाळी बघतो तर प्रत्येक शॉटमध्ये काळे पट्टे वरून खाली सरकताहेत. फोनचा शटर ऑटोवर होता. आपली वीज 50 हर्ट्झची, ट्यूब सेकंदाला शंभरदा मिणमिणते. आपल्या डोळ्याला दिसत नाही, कॅमेऱ्याला दिसतं. शटर 1/50 किंवा 1/100 सेकंदाला बांधून टाकायचा, विषय संपला. त्या वेळी आम्ही सरांना सांगितलं, इफेक्ट दिलाय. सर बरा आहे म्हणाले.

पोवईनाका
तुमचे सर आमच्या सरांना भेटवा.

कासची_चिंगी
फुलांमध्ये नाचायचं होतं मला. कास पठार 2012 पासून जागतिक वारसा आहे, फुलांवर पाय देता येत नाही, एवढंही पूर्ण टीममध्ये कुणाला ठाऊक नव्हतं. रखवालदार काकांनी गोडीत हाकललं. मग धुकं आलं. मग कॅमेऱ्याच्या काचेवर वाफ. मग पाऊस. मग ठोसेघर रोडला वडापाव. व्हिडिओत तो वडापावच बरा आलाय.

बागणीचा_बाळू
ताई ओव्यांचं एक सांगतो, भाचीला महत्त्वाचं. ओव्या कुणाच्या मालकीच्या नाहीत असं धरून आम्ही एका जुन्या रेकॉर्डवरून आवाजच उचलला. अपलोड केल्यावर दोन मिंटांत दावा. शब्द लोकांचे, पण ते रेकॉर्डिंग कंपनीचं. रेकॉर्डिंगवरचा हक्क प्रकाशनानंतर 60 वर्षं राहतो. तिची आजी गात असंल तर आजीलाच गायला लावा लगा, झंझट नाय.

मिरजेची_मी
हो आणि आजीचा आवाज नंतर मिळत नाही.

चारभिंतीवाला
@मिरजेची_मी तो तानपुरा परत दिला का शेवटी

मिरजेची_मी
दिला हो! सोबत अर्धा किलो भडंग. काका म्हणाले पुढच्या वेळी नुसतं भडंगच घेऊन या.

पोवईनाका
भडंग कसलं, कंदी पेढे न्यायचे.

कृष्णाकाठची
सुरू झालं सांगली-सातारा. बाळू, आजी आता नाही, पण भाचीनं कालच पणजीच्या ओव्या शेजारच्या काकूंकडून मोबाइलवर घेतल्यात, लय तीच, तिनं बदलायची नाही असं बजावलंय. आत्ताच निघालीय. स्पीकर नेला, चार्जर इथंच टेबलावर राहिलाय. थांबा, गाडी काढते.