पाळीचा ताळमेळ नाही, ओटीपोटात सतत दुखतंय : मदत हवी आहे

रानजाई:
चार महिने झाले, पाळी कधी 22 दिवसांनी येते तर कधी 45. त्यात ओटीपोटात उजवीकडे दुखतं, पाळी नसतानाही. सोनोग्राफी नॉर्मल आली. डॉक्टर म्हणाल्या, टेन्शन घेऊ नका, आणि पाच दिवसांच्या पेनकिलर दिल्या. संपल्या की पुन्हा तेच. ऑफिसात धड बसवत नाही. कुणाला असं झालंय का? लवकर सांगा प्लीज.

आजोळ:
वय किती? लग्न झालंय? रक्तस्राव किती दिवस? सोनोग्राफी पोटावरून केली की आतून? हे कळल्याशिवाय काय सांगणार?

माईचा_ओटा:
पीसीओडी आहे, म्हणजे हार्मोन बिघडून पाळी लांबते तो त्रास, दुसरं काही नाही. माझ्या मुलीला हेच होतं. साखर, मैदा बंद कर, रोज तासभर चाल. सकाळी बाळंतशेपाचं पाणी घे. तीन महिन्यांत फरक पडेल.

शेवंता७:
माई, पीसीओडीत पाळी लांबते हे खरं, पण असं सतत दुखत नाही सहसा. रानजाई, पाळीच्या दिवसांत शौचाला बसताना कळ येते का? मला यायची. दोन सोनोग्राफी नॉर्मल होत्या, सगळे म्हणायचे बाईच्या जातीला दुखायचंच. सात वर्षांनी दुर्बिणीतून बघितलं तेव्हा एंडोमेट्रिओसिस निघालं, म्हणजे गर्भपिशवीच्या अस्तरासारखा थर पिशवीबाहेर वाढलेला, ओव्हरी आतड्याला चिकटलेली. सोनोग्राफीत ते दरवेळी दिसतंच असं नाही.

रानजाई:
वय 31, लग्नाला दोन वर्षं झाली, मूल नाही. सोनोग्राफी पोटावरून. रक्त तपासलं नाही. आठ दिवस जातं, गाठी पडतात. शौचाला दुखतं, हो. आणि गौरीला एकदा, दिराच्या लग्नात एकदा पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या घेतल्या होत्या, मेडिकलमधून. त्याचा काही संबंध असेल का? डॉक्टरांना सांगितलं नाही.

आजोळ:
अगं, हे आधी सांगायचं! त्या गोळ्या हार्मोनच्या असतात, बंद केल्या की दोन-तीन दिवसांत पाळी येते आणि पुढच्या तारखा सरकू शकतात. पण दुखणं त्यांच्या माथी मारू नकोस. शेवटची पाळी कधी आली?

कृष्णाकाठ:
माझ्या जावेने 38 व्या वर्षी गर्भपिशवीच काढून टाकली. सुटली कायमची.

शेवंता७:
कृष्णाकाठ, तिला अजून मूल नाही, निदानही नाही, आणि एकदम पिशवी? 2019 साली बीडच्या ऊसतोड बायकांचं प्रकरण आठवा. सर्वेक्षणात 13,000 हून जास्त जणींची पिशवी काढलेली निघाली, कित्येक चाळिशीच्या आतल्या. शिवाय एंडोमेट्रिओसिस पिशवीबाहेर असेल, तर पिशवी काढूनही दुखणं राहू शकतं.

कृष्णाकाठ:
जावेला फायब्रॉइड म्हणजे पिशवीत गाठी होत्या, महिन्याला पंधरा दिवस जायचं, हिमोग्लोबिन सहावर आलेलं. तिला दुसरा मार्ग नव्हता. बीडशी तुलना नको.

वाडेकर_काकू:
पेनकिलर कोणती? मेफेनॅमिक ॲसिडबद्दल 2023 च्या अखेरीस सरकारी इशारा आला होता. अंगावर पुरळ, ताप आला तर लगेच बंद करा.

रानजाई:
तीच आहे बहुतेक. पुरळ नाही. शेवटची पाळी 38 दिवसांपूर्वी.

आजोळ:
मग बाकी सगळं बाजूला ठेव. लघवीची प्रेग्नन्सी टेस्ट केलीस? पाळी चुकलेली आणि एका बाजूला दुखणं, म्हणजे आधी गर्भ नळीत नाही ना हे बघावं लागतं. चक्कर आली, खांद्यात कळ गेली, पोट एकदम जोरात दुखलं तर सकाळची वाट न बघता इमर्जन्सीला जा.

रानजाई:
आत्ता केली. एकच रेघ, म्हणजे निगेटिव्ह.

आजोळ:
बरं. तरी रक्तातली बीटा एचसीजी (गरोदरपणाची तपासणी) करून घे, सोबत थायरॉइड, प्रोलॅक्टिन हे हार्मोन, हिमोग्लोबिन. दुखतं ते दिवस कॅलेंडरवर लिहून ने. आणि पाळी ढकलायच्या गोळ्यांचं सांग!

रानजाई:
उद्या साडेदहाची वेळ मिळालीय, दुसऱ्या डॉक्टरांकडे. नवरा येतोय सोबत. आतून सोनोग्राफी करताना फार दुखतं का, एवढंच सांगा कुणीतरी.

शेवंता७:
दाबल्यासारखं वाटतं, पाच-दहा मिनिटं. पोटावरच्यासारखं पाणी पिऊन थांबायचं नाही, लघवी करून जायचं. जिथे कळ येईल तिथे "इथे" म्हणून लगेच सांग, सहन करून गप्प राहू नकोस. त्यांना तेच शोधायचं असतं.