'स्टिफनेस'ला काय म्हणावं? पेशी ताठरते, अकडते की घट्ट होते?

खडूफळा: विज्ञान दिनाच्या फलकांचा मराठी मजकूर माझ्या गळ्यात पडलाय. एका ओळीवर अडलेय. सूज येते तेव्हा शरीरात जे रासायनिक संदेश फिरतात, त्यांनी पांढऱ्या पेशींचा 'स्टिफनेस' वाढतो. मोबाइलनं भाषांतर दिलं, 'प्रक्षोभक संदेशांमुळे पांढऱ्या पेशी कडक होतात'. ते वाचून आमचे शिपाईकाका विचारतात, "मॅडम, नेट बंद होते का काय?" मी 'ताठरपणा' केलं, तर मोठ्या बाई म्हणाल्या, ताठर माणसं असतात, पेशी नव्हे.

काचपट्टी: कडक नकोच, कडक चहा असतो. न्यूट्रोफिल ही पांढरी पेशी रक्तात साधारण 7 ते 8 मायक्रॉनची (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), फुप्फुसातल्या केशवाहिन्या कित्येक जागी 5-6च्या. एरवी ती चेपून, लांबट होऊन निघून जाते. संदेश पोचला की आवरणाखाली अ‍ॅक्टिन या प्रथिनाचे सुटे कण जुळून धागे होतात, मग ती चेपायला तयार नसते आणि वाटेतच अडकते. 1989 साली 'सायन्स' या शोधपत्रिकेत हे आलं होतं. धागे जुळू न देणारं औषध आधी दिलं तर पेशी ताठरत नव्हती. म्हणजे प्रश्न टणकपणाचा नाही, आकार बदलायला कांकू करण्याचा आहे. ताठरपणा चालेल.

शुद्धमती: 'अनम्यता' असा नेटका शब्द असताना ही ओढाताण कशाला? आणि 'सूज' काय, 'शोथ' लिहा.

इतवारीचा पोट्टा: अनम्यता म्हणजे मोठ्यांच्या पाया न पडणं का जी? आमच्याकडं मान अकडते, पोट्टे अकडते. पेशी अकडली लिहा, सातवीतलं पोरगंही समजते.

शुद्धमती: ती हिंदी झाली. मराठीत 'आखडणे'.

काचपट्टी: आखडणं म्हणजे आक्रसणंही होतं ना. हात आखडता घेतो तो कमी देतो. इथं पेशी लहान होत नाहीये.

जुनं दप्तर: 'शोथ' संस्कृत 'श्वि'वरून, म्हणजे फुगणं. त्यात आग कुठेय? 'दाह' 'दह्'वरून, आणि इंग्रजी 'इन्फ्लमेशन'च्या पोटातल्या लॅटिनमध्येही आगच आहे. म्हणून दाह.

काचपट्टी: व्युत्पत्ती बरोबर, पण रिपोर्ट समजावताना मी एकदा 'छातीत दाह आहे' म्हणाले, तर काकांनी घरी जाऊन अ‍ॅसिडिटीची गोळी घेतली. तेव्हापासून मी सूजच म्हणते.

महालातली आजी: मला पेशीतलं कळत नाही, कणकेतलं कळतं. लंबी रोटीची कणीक आपटून आपटून सैल करावी लागते. मग गोळा हातावर घेतला की स्वतःच्या वजनानं कोपरापर्यंत लोंबतो, तो तसाच पालथ्या मडक्यावर टाकायचा. कणीक घट्ट राहिली तर लांबत नाही, मधेच फाटते. सासूबाई म्हणायच्या, "आज ऐकत नाही कणीक." तुमची पेशी तीच. 'घट्ट' लिहा.

काचपट्टी: आजी, हे माझ्या 1989पेक्षा सरस. पण घट्ट तर दहीही असतं, मैत्रीही.

शुद्धमती: 'लंबी रोटी' नव्हे, 'लांब पोळी'. निदान घरातले शब्द तरी मराठी ठेवा.

इतवारीचा पोट्टा: पोळी तव्यावर होते नं भाऊ! मडक्यावरची रोटीच.

शुद्धमती: मग मांड्यांना काय म्हणाल? तेही पालथ्या भांड्यावरच होतात.

जुनं दप्तर: 'मांडा' संस्कृत 'मण्डक'वरून. म्हणजे ही वस्तू जुनीच, नाव मागाहून बदललेलं.

खडूफळा: छपाईवाला उद्या सकाळी येतोय. 'सूज' आणि 'ताठर' ठेवलंय, मोठ्या बाईंना सांगेन काहीतरी. आजी, कणीक किती वेळ आपटायची?

महालातली आजी: हात दुखेस्तोवर. आणि ती रोटीच.