रिंग असेटिलकोलिनला सैल होत नाही, इस्ट्रोजनला होते. घोळ कुठे आहे?

चौकस२१:
मंडळी, विस्टार रॅटच्या छातीतल्या महाधमनीच्या रिंगा ऑर्गन बाथमध्ये (ऊती जिवंत ठेवून तिचा ताण मोजायच्या भांड्यात) लावतो आहे. मांडणी अशी: ३ मिमीची रिंग, १० मिलीचा बाथ, क्रेब्स द्रावण, ३७ अंश, ९५ टक्के ऑक्सिजन आणि ५ टक्के कार्बन डायऑक्साइड, २ ग्रॅम बेसलाइन टेन्शन, स्थिरावायला ३० मिनिटं. मग १० मायक्रोमोलर फेनिलेफ्रिनने आकुंचन आणि त्यावर १ नॅनोमोलर ते १० मायक्रोमोलर असेटिलकोलिन चढत्या क्रमाने.

अडचणी दोन आहेत.
एक, कंट्रोल रिंगांमध्येच शिथिलीकरण ३०-३५ टक्क्यांच्या पुढे जात नाही. सोडियम नायट्रोप्रुसाइडला त्याच रिंगा पूर्ण सैल होतात. कधीकधी सगळ्यात वरच्या डोसला रेघ उलट वर चढते.
दोन, १० मायक्रोमोलर १७-बीटा इस्ट्राडायोल टाकलं की पंधरा मिनिटांत रिंग जवळपास निम्मी सैल होते, आणि आधी अर्धा तास १०० मायक्रोमोलर एल-नेम (नायट्रिक ऑक्साइड बनवणारं एन्झाइम अडवणारं औषध) दिलं तरी होतेच. इस्ट्रोजन नायट्रिक ऑक्साइडमार्फत काम करतं ना? मग एल-नेम खराब झालंय का? इस्ट्राडायोलचा स्टॉक इथेनॉलमध्ये आहे.

बाथवाला:
नायट्रोप्रुसाइड चालतंय म्हणजे स्नायुपेशी शाबूत आहेत. त्यांना नायट्रिक ऑक्साइड आयतं मिळालं की त्या सैल होतात. प्रश्न ते तयार होतंय का हा आहे, किंवा तयार होऊनही पुरं पडतंय का हा. दुसरी शक्यता आधी तपासा, कारण त्यासाठी फक्त पिपेटमधला डोस बदलायचा आहे.

१० मायक्रोमोलर फेनिलेफ्रिन फार झालं. डोस-आकुंचनाचा वक्र तिथे केव्हाच सपाट झालेला असतो. रिंग इतकी आवळल्यावर एंडोथेलियमकडून (वाहिनीच्या आतल्या अस्तराकडून) येणारा नायट्रिक ऑक्साइड त्या जोरापुढे अपुरा पडतो, आणि धडधाकट एंडोथेलियमसुद्धा आजारी दिसतं. नायट्रोप्रुसाइडचा डोस आपण हवा तेवढा वाढवतो, म्हणून ते या कचाट्यातून सुटतं. आधी १ नॅनोमोलरपासून फेनिलेफ्रिनचा पूर्ण वक्र काढा आणि कमाल आकुंचनाच्या ७०-८० टक्के देणारा डोस निवडा. रॅटच्या महाधमनीत तो साधारण ०.१ ते ०.३ मायक्रोमोलरच्या आसपास सापडतो. रेघ सपाट झाल्याशिवाय असेटिलकोलिन टाकू नका.

३० मिनिटंही कमी आहेत. ६० ते ९० द्या, दर १५-२० मिनिटांनी द्रावण बदला, बेसलाइन उतरली की पुन्हा २ ग्रॅमवर आणा. मग ६० मिलीमोलर पोटॅशियम क्लोराइड दोनदा देऊन धुवा. दोन आकुंचनं सारखी आली तर रिंग बसली असं धरा.

एवढं करूनही ३५ टक्केच आले तर एंडोथेलियम खरवडलं जातंय. एकाच पेशीचा थर तो, बोट लागलं तरी जातो. सगळ्यात जास्त नुकसान हुक आत सरकवताना होतं. दोन्ही तारा आधी एकमेकींना चिकटवून एकाच वेळी, वाहिनीच्या अक्षाला समांतर आत घाला, आणि रिंग बाथमध्ये गेल्यावरच हळूहळू ताणा. चिमट्याने कायम बाहेरची संयोजी ऊतीच पकडायची, भिंत नाही. चरबी सोलताना महाधमनी लांबीच्या दिशेने ओढली जाते, तेही घातक. कात्री बोथट असेल तर कापताना रिंग चपटी होते आणि आतल्या दोन बाजू एकमेकींवर घासतात. नवं ब्लेड वापरा, एका दाबात कापा. आत रक्त गोठलं असेल तर फुंकर किंवा हवेचा बुडबुडा नको, बारीक सुईतून थंड क्रेब्स संथ सोडा. हवेचा बुडबुडा तर मुद्दाम एंडोथेलियम काढायला वापरतात!

हाच सापळा या सगळ्या शाखेच्या मुळाशी आहे. फर्चगॉट आणि झवाड्स्की यांनी १९८० मध्ये दाखवलं की सशाच्या महाधमनीच्या पट्टीची आतली बाजू घासली गेली तर असेटिलकोलिनने ती सैल होत नाही. मग त्यांनी एंडोथेलियम काढलेल्या पट्टीला एंडोथेलियम असलेली पट्टी चिकटवून लावली आणि शिथिलीकरण परत आलं. म्हणजे मधून काहीतरी झिरपत होतं. ते नायट्रिक ऑक्साइड निघालं आणि १९९८ चं नोबेल फर्चगॉट, इग्नारो आणि मुराद यांना मिळालं. तेव्हा तुमची ३५ टक्के वाली रिंग म्हणजे अर्धवट घासलेली पट्टी असू शकते. निकष आधीच लिहून ठेवा: ८० टक्क्यांच्या खाली गेलेली कंट्रोल रिंग बाद, मुद्दाम घासलेली रिंग १० टक्क्यांच्या वर सैल झाली तर तीही बाद.

आणखी एक खूण. एंडोथेलियम असलेली रिंग मूळच्या नायट्रिक ऑक्साइडमुळे फेनिलेफ्रिनला जरा कमीच आवळते. सगळ्या रिंगा घासलेल्या रिंगांइतक्याच जोरात आवळत असतील तर हात जड पडतोय.

वरच्या डोसला रेघ चढते ते एंडोथेलियमकडूनच येणारे आकुंचक प्रोस्टॅनॉइड असू शकतात. १० मायक्रोमोलर इंडोमेथासिन (प्रोस्टॅनॉइड बनवणारं सायक्लोऑक्सिजनेज हे एन्झाइम अडवणारं औषध) अर्धा तास देऊन पाहा. शेपटी गेली तर कारण सायक्लोऑक्सिजनेज. असे वक्र बसवताना चढलेला बिंदू गाळायचा की नाही हे आधी ठरवा, आकडे बघून नाही.

आकडेमोड्या:
द्रावणही एकदा तपासा. १ लिटरला: सोडियम क्लोराइड ६.९० ग्रॅम, पोटॅशियम क्लोराइड ०.३५, सोडियम बायकार्बोनेट २.१०, पोटॅशियम डायहायड्रोजन फॉस्फेट ०.१६, मॅग्नेशियम सल्फेट हेप्टाहायड्रेट ०.३०, ग्लुकोज १.९८. हे सगळं विरघळल्यावर किमान १५-२० मिनिटं वायू सोडा आणि मगच १ मोलर कॅल्शियम क्लोराइडचे २.५ मिली थेंबथेंब, ढवळत. कॅल्शियम आधी पडलं तर कार्बन डायऑक्साइडविना पीएच वर असतो, फॉस्फेट-कार्बोनेटचा साका होतो आणि द्रावण दुधाळ दिसतं. ते गाळून वापरू नका, ओतून द्या. गाळल्यावर कॅल्शियम किती उरलं कोणास ठाऊक.

पावडर तोलून टाकत असाल तर बाटलीवर डायहायड्रेट लिहिलंय की निर्जल ते पाहा. डायहायड्रेटचे ०.३७ ग्रॅम म्हणजे २.५ मिलीमोलर, पण तेवढंच निर्जल घेतलं तर ३.३ होतात आणि सगळं आकुंचन वर सरकतं.

असेटिलकोलिन क्षारधर्मी पाण्यात फुटतं. स्टॉक किंचित आम्लधर्मी ठेवा, उणे २० वर छोट्या भागांत, आणि वितळलेला भाग परत गोठवू नका. नायट्रोप्रुसाइडला फॉइल गुंडाळा.

खडूस:
एल-नेम खराब झालेलं नाही, प्रश्न चुकीचा विचारला जातोय. एल-नेम तपासायचं तर इस्ट्राडायोल कशाला? असेटिलकोलिनचं शिथिलीकरण त्याने पुसलं गेलं आणि फेनिलेफ्रिनचं आकुंचन वाढलं, तर ते काम करतंय. मात्र आकुंचन वाढतं म्हणूनच एल-नेमच्या रिंगेत फेनिलेफ्रिन कमी करून दोन्ही रिंगांचं टेन्शन सारखं आणावं लागतं. नाहीतर बाथवाला यांनी सांगितलेला घोटाळा परत दारात.

आता इस्ट्राडायोल. रेणुभार २७२. रक्तात मिलीलिटरला १०० पिकोग्रॅम म्हणजे साधारण ०.३७ नॅनोमोलर. तुम्ही १० मायक्रोमोलर टाकताय, पंचवीस हजारपटीहून जास्त. एवढ्या डोसला तो हार्मोन उरत नाही, कॅल्शियम चॅनेल अडवणारं औषध होतो. म्हणून पंधरा मिनिटांत परिणाम, म्हणून एल-नेमला दाद नाही. पटत नसेल तर एंडोथेलियम काढलेली रिंग ६० मिलीमोलर पोटॅशियमने आवळून त्यावर इस्ट्राडायोल द्या. तशीच सैल झाली तर एंडोथेलियमचा संबंध नाही, आणि बाहेर एवढं पोटॅशियम असताना पोटॅशियम चॅनेल उघडून सैल झाली असंही म्हणता येत नाही. मग कॅल्शियमविरहित, भरपूर पोटॅशियमच्या द्रावणात ०.१ ते ३ मिलीमोलर कॅल्शियम टप्प्याटप्प्याने परत द्या. इस्ट्राडायोलने हा वक्र दबला तर उत्तर समोर आहे. सोबत १७-अल्फा इस्ट्राडायोलही लावा. रिसेप्टरवर तो बराच दुबळा आहे. तोही तेवढाच सैल करत असेल तर रिसेप्टरचं नाव लिहू नका.

इथेनॉलचा हिशेब केलात का? १० मिलीत १० मायक्रोलिटर म्हणजे ०.१ टक्का. चढत्या क्रमाने पाच डोस प्रत्येकी १० मायक्रोलिटर दिलेत तर ०.५ टक्के, म्हणजे सुमारे ८६ मिलीमोलर इथेनॉल. ते स्वतःच रिंगेला हलवतं. शेजारच्या बाथमध्ये तेवढंच कोरं इथेनॉल, त्याच वेळांना. शिवाय पाण्यात इस्ट्राडायोलची विद्राव्यता १३-१४ मायक्रोमोलरच्या आसपास संपते, ३० मायक्रोमोलर लिहिलेले बिंदू बहुधा कणांचे असतात.

तो प्लास्टिक आणि सिलिकॉन नळ्यांना चिकटतो हेही धरा. आज इस्ट्राडायोल घेतलेला बाथ उद्याचा कंट्रोल होऊ नये. काच इथेनॉलने धुवा, नळ्या वेगळ्या ठेवा.

चौकस२१:
फेनिलेफ्रिनचा वक्र काढला. ०.२ मायक्रोमोलरला ७५ टक्के आकुंचन येतं, आणि त्यावर असेटिलकोलिनने तीन रिंगा ८० च्या पुढे गेल्या. एक ४० वरच अडकली, ती बहुधा घासलेली. मग इस्ट्रोजनचा नायट्रिक ऑक्साइडवरचा परिणाम पाहायचाच असेल तर काय करायचं? आणि त्याच रिंगांवर पुढे अँजिओटेन्सिन-२ आणि एंडोथेलिन-१ चे वक्र काढायचे आहेत, चालेल ना?

खडूस:
अंडाशय काढलेल्या माद्या, त्यातल्या निम्म्यांना दोन-तीन आठवडे इस्ट्राडायोल, उरलेल्यांना कोरं वाहक. मग असेटिलकोलिनचा वक्र, एल-नेमसह आणि एल-नेमशिवाय. यात हार्मोनला एन्झाइमची मात्रा बदलायला वेळ मिळतो. झटपट रिसेप्टरमार्गही आहे, पेशीपटलाजवळच्या इस्ट्रोजनच्या अल्फा रिसेप्टरकडून पीआय३-कायनेज आणि एकेटीमार्गे एन्झाइम चेतवलं जातं, पण तो पाहायचा तर डोस नॅनोमोलरमध्ये ठेवा. अंडाशय शाबूत असलेल्या माद्या घेतल्यात तर योनिस्रावाची काचपट्टी रोज पाहून चक्राचा टप्पा नोंदवा. फुलव्हेस्ट्रंटने (इस्ट्रोजन रिसेप्टर अडवणाऱ्या औषधाने) अडलं नाही म्हणून "रिसेप्टर नाही" असं लिहायची घाई नको. ते अल्फा-बीटा अडवतं, पण जीपीईआर हा इस्ट्रोजनचा वेगळा रिसेप्टर उलट चेतवतं.

बाथवाला:
अँजिओटेन्सिन-२ चढत्या क्रमाने देऊ नका. त्याचा एटी-१ रिसेप्टर लगेच थकतो, दुसऱ्या डोसपर्यंत रिंग ढिम्म. एका रिंगेला एकच डोस, किंवा दोन डोसांत किमान ४५ मिनिटं आणि भरपूर धुणं, शेवटी पहिलाच डोस परत देऊन किती उतरलं ते मोजा.

एंडोथेलिन-१ नेहमी सर्वांत शेवटी. आकुंचन सावकाश चढतं, प्रत्येक डोसला सपाटी यायला दहा-पंधरा मिनिटं लागतात, आणि धुतल्यावर तासभर रिंग सैल होत नाही. त्यानंतर त्या रिंगेवर काहीच करता येत नाही. शिवाय हा २१ अमिनो आम्लांचा पेप्टाइड नळीच्या भिंतीला चिकटतो. पातळ डोस ०.१ टक्का बोवाइन अल्ब्युमिनमध्ये करा, नाहीतर कागदावर १ नॅनोमोलर आणि बाथमध्ये त्याचा चतकोर.

आकडेमोड्या:
आणि एका रॅटच्या चार रिंगा म्हणजे एन (नमुन्यांची संख्या) चार नाही. एकाच उपचाराच्या रिंगांची सरासरी काढून एन एक धरा. ४० वर अडकलेली रिंग आधी लिहिलेल्या निकषाने बाद करा आणि किती बाद झाल्या तो आकडा पद्धतीच्या भागात द्या.